पाऊणची निवड

पाऊणचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. यार्डात त्यावरूनही हसत. "पाच वाजेपर्यंत झोपलो तर पूर्ण होईन, अशी भीती वाटते त्याला," मालक म्हणायचा. पाऊण उंचीने कमी होता. इंजिनात हात घालायला त्याला लाकडी खोक्यावर उभं राहावं लागे. त्याचं खरं नाव कोणी घेत नसे. पगाराच्या पाकिटावरसुद्धा मालकाची बायको 'पाऊण' असंच लिहायची.

रस्त्यात बंद पडलेली वाहनं ओढून आणणं हे आमचं काम. मोठी डिझेल गाडी एकच, मागे क्रेनचा हात. पाऊण तिचा मिस्त्री, त्याचा जावई तिचा ड्रायव्हर, आणि मी साखळ्या लावणारा. सव्वीस वर्षं मी साखळ्या लावल्या. नेटकं काम कसं असतं ते मला कळतं. पाऊणचं काम नेटकं होतं. स्वभाव नव्हता. दुसऱ्याने सैल ठेवलेला नट सापडला की तो चारचौघांत त्याच्या हातावर ठेवायचा आणि म्हणायचा, "हे तुझं घे."

जावई त्यानेच निवडला होता. पोरगा यार्डात नवा लागला तेव्हा गाडी मागे घेताना दोन्ही आरशांत बघायचा. पाऊणला तेवढं पुरलं. त्याला घरी जेवायला नेलं आणि वर्षाच्या आत मुलगी दिली.

मग गाडीचा टर्बो गेला. टर्बो म्हणजे इंजिनाचं जादा फुप्फुस. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र ताजी हवा इंजिनात कोंबतं. आमचा टर्बो शिट्टी वाजवू लागला होता आणि तेल पीत होता. नवा घ्यायचा ठरला तसा मालक दुकानातून एक मोठा टर्बो बघण्यासाठी घेऊन आला आणि टेबलावर आदळला.

"हा बघ, पाऊण. डोक्याएवढा आहे. तुझ्या नाही, माणसाच्या."

पाऊणने तो हातात घेऊन फिरवून बघितला. "मालक, हा पळणाऱ्या गाडीचा आहे. आपली गाडी पळत नाही, ओढते."

"मग ओढायला ताकद नको?"

"हवी. पण ती कधी हवी ते बघा."

त्याने खिशातून वही काढली. आठ दिवस तो आमच्या दोघांच्या मध्ये बसून गाडीतून फिरला होता आणि प्रत्येक चढावर इंजिनाच्या फेऱ्या लिहीत होता. मागे भरलेली गाडी लटकत असताना आमचं इंजिन मिनिटाला बाराशे ते अठराशे फेऱ्यांत राबायचं. मोठ्या टर्बोचं चक्र जड, ते जागं व्हायलाच दोन हजार फेऱ्या लागणार. तोवर इंजिन हवेसाठी तडफडणार, काळा धूर ओकणार, क्लच जळणार.

"म्हणजे लहानात लहान घ्यायचा," जावई म्हणाला.

"नाही, जावईबापू. तो लगेच फुंकेल, पण सपाटीवर वेग धरला की धुराचीच वाट अडवेल. इंजिन तापेल. मधला घ्यायचा."

मालकाने सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. "पाऊण माणसाला पाऊण टर्बोच आवडणार."

सगळे हसले. जावई सर्वांत उशिरापर्यंत हसला.

मधला स्वस्त होता, म्हणून मालक कबूल झाला. पण अट घातली. "निवड तुझी. हा गेला तर तुझ्या पगारातून मोठा येईल आणि तूच तो बसवशील. आणि गाडी वापरताना कोणी हयगय केली असेल तर ते सांग, त्याला मी त्याच दिवशी हाकलीन."

पाऊणने टर्बो बसवायला दोन दिवस घेतले. दुसरा मिस्त्री अर्ध्या दिवसात बसवतो. जुनी तेलाची नळी साफ करून चालली असती, त्याने नवी घातली, कारण जुन्या नळीतला गाळ नव्या बेअरिंगचा जीव घेतो. हवेच्या पाइपांतून त्याने फडकं चार वेळा ओढलं आणि चौथ्यांदा ते पांढरं निघालं तेव्हा थांबला. टर्बोत हाताने तेल घालून दांडा बोटाने फिरवला. मग इंजिन चालू करून खोक्यावर उभा राहिला आणि डोळे मिटून ऐकत राहिला.

त्याच आठवड्यात गोदामाच्या चढावर एक भरलेला टेंपो बंद पडला. त्या चढाला आमची गाडी तीन दमांत चढायची. या वेळी एका दमात चढली. धूर नाही, धडपड नाही. मालक काही बोलला नाही. पाऊणला तेवढं पुरलं. तेवढ्यावर भागवायची त्याला सवय होती.

मग त्याने चूक केली. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून त्याने ते स्टिअरिंगसमोर चिकटवलं: 'ओढून आल्यावर तीन मिनिटं इंजिन चालू ठेवा. दम खाऊ द्या.' सांगणं बरोबर होतं. चढ चढून आलेला टर्बो लालबुंद असतो. इंजिन लगेच बंद केलं तर तेल फिरायचं थांबतं आणि आत जळून त्याचा कोळसा होतो. पण हे जावयाला घरी सांगता आलं असतं. त्याने यार्डात सगळ्यांसमोर सांगितलं, हातात घड्याळ धरून. जावई इंजिन बंद करायला गेला की ओरडायचा, "अजून चाळीस सेकंद."

"सासऱ्याने हुकूम काढलाय," टायरवाला म्हणायचा. "घरी पण घड्याळ लावून झोपवतो का रे?"

जावई पहिले काही दिवस खाली मान घालून बसला. नंतर पाऊण समोर नसेल तेव्हा तो चढावरून वर आल्या आल्या चावी फिरवू लागला. आधी रागाने. पुढे मजा म्हणून. माझ्याकडे बघून म्हणायचा, "खा म्हणावं दम." इंजिन धाडकन बंद पडायचं आणि आत टर्बो काही क्षण कोरडाच किरकिरत फिरायचा. तो आवाज मी रोज ऐकला. मी शेजारीच बसलेलो असायचो. मीही काही बोललो नाही. जावई हसवायचा चांगला.

नवव्या आठवड्यात टर्बो भर रस्त्यात गेला. आमच्या गाडीला दुसऱ्या यार्डाच्या गाडीने ओढून आणलं. मालकाने ते फाटकात उभं राहून पाहिलं. "उद्या सकाळी टेबलावर उघडायचा," तो म्हणाला. "माझ्यासमोर."

दुसऱ्या दिवशी पाऊण टर्बो उतरवत असताना त्याची मुलगी फाटकाच्या आत आली. कडेवर मूल. मी साखळ्यांना तेल देत होतो, चार पावलांवर.

"बाबा, ते घरी येऊन सांगायचे. चावी कशी फिरवतात ते. हसायचे."

पाऊणने पाना खाली ठेवला नाही. "कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून." तिने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. "तुम्ही मालकांना सांगू नका. त्यांची नोकरी गेली तर मला माहेरी पाठवतील, मुलाला ठेवून घेतील. तसं म्हणालेत. तुमचा एक शब्द जाईल, बाबा. माझं घर जाईल."

"माझा शब्द एकच आहे," पाऊण म्हणाला. "जास्तीचा नाही."

तिने पदर मुलाच्या डोक्यावर ओढला. मग म्हणाली, "मला पण तुम्हीच दिलंत तिथे," आणि निघून गेली.

दहा वाजता सगळे टेबलाभोवती जमले. पाऊण खोक्यावर चढला आणि टर्बोचे बोल्ट एकेक काढून ओळीत मांडले. दांडा बाहेर आला तो निळा पडला होता. बेअरिंगमध्ये तेलाचा काळा कोळसा झाला होता, नखाने खरवडावा असा. धंद्यातल्या माणसाला पुढे काही विचारायची गरज नव्हती. टायरवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी साखळीकडे पाहिलं.

"हे काय आहे?" मालकाने विचारलं.

जावई चावीने कान कोरत उभा होता. "सांगा ना, मामा. तुम्हीच तर जाणकार."

पाऊणने कोळसा बोटावर घेतला. तो चोळला, वास घेतला. आयुष्यभर त्याने लोकांचे सैल नट त्यांच्या हातावर ठेवले होते. हा सर्वांत मोठा होता. आणि ज्याच्या हातावर ठेवायचा तो समोर उभा होता.

"टर्बो हलक्या प्रतीचा निघाला," तो म्हणाला. "निवड माझी चुकली."

"मोठ्याने सांग. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"निवड माझी चुकली."

हे तो जावयाकडे बघून म्हणाला. जावई तेवढा एकच क्षण हसायचा थांबला. मालकाने पाऊणच्या पाठीवर थाप मारली. "आता मोठा बसव. उंची कमी पडली तर दोन खोकी घे."

पाऊणने मोठा टर्बो बसवला. दोन दिवस घेतले. तेलाची नळी पुन्हा नवी घातली. फडकं पुन्हा पांढरं निघेपर्यंत ओढलं. आपल्या मनाविरुद्धचं काम आहे म्हणून त्याने एक बोल्टही घाईने आवळला नाही. मी त्याचं पुष्कळ काम पाहिलं, पण त्या दोन दिवसांइतकं नेटकं पाहिलं नाही.

गोदामाच्या चढावर गाडी पुन्हा तीन दमांत चढू लागली. काळा धूर मागच्या वाहनावर बसायचा. वर्षभरात क्लच जळला, तो पाऊणनेच बदलला. पण सपाटीवर टर्बोची शिट्टी लांबून ऐकू यायची आणि मालकाला ती आवडायची. "बघ, ह्याला म्हणतात आवाज."

स्टिअरिंगसमोरचा पुठ्ठा जावयाने काढला नाही. उलट आता तो पाळू लागला. प्रत्येक खेपेनंतर घड्याळ बघून तीन मिनिटं, कधी चार. पाऊण यार्डात असेल तर खिडकीतून हाक मारायचा, "मामा, दम खातोय हं."

म्हणून तो मोठा टर्बो सात वर्षं टिकला. कोणी नवीन माणूस यार्डात आला की मालक त्याला बोनेट उघडून दाखवायचा. आमच्या मिस्त्रीने लहान निवडला तो नऊ आठवडे चालला, मी निवडला तो बघ.

मुलगी दुसऱ्या वर्षीच परत आली. मूल तिकडेच राहिलं.

पाऊण त्यानंतरही पावणेपाचला उठत राहिला, मुलीच्या आधी, आवाज न करता. टर्बोचे पैसे कापून त्याचं पाकीट अकरा महिने हलकं आलं होतं. त्या अकरा महिन्यांच्या घामाचा तो टर्बो आला. गाडी भंगारात गेली तेव्हा मालकाने तो काढून घेतला, घासून लख्ख केला आणि ऑफिसात कागदांवर वजन म्हणून ठेवला. पाऊणच्या शेवटच्या पगाराचं पाकीट त्याच्याखालीच ठेवलेलं होतं.