चंद्राआत्याचं निळं-गुलाबी बेट

चंद्राआत्या गेली. आज सकाळी, अंगणात, झाडांना पाणी घालताना.

रविवारी तर तिनं मला फोनवर झापलं होतं. कुंडीत चिखल करतेस, मुळं कुजतील म्हणाली. सत्त्याऐंशी वय, आवाज खणखणीत.

आणि आज चुलतभावाचा फोन, "ताई, आत्या गेली."

मी विचारलं, "कुठं?"
खरंच विचारलं. डोकं चालतच नव्हतं.

अजूनही shock मधेच आहे. पण एक गोष्ट लिहितेच.

साठ सालच्या आसपासची. आम्ही माले गावात राहायचो, मी आठ-नऊ वर्षांची. माझे वडील, आबा, मुळशीच्या तलावात होडी चालवायचे. चंद्रा त्यांची धाकटी बहीण. नवऱ्यानं टाकलेली, विशी-बाविशीची. तलावाकाठच्या एका बंगल्यावर बागकामाला जायची.

बंगल्यातल्या बाईंनी पुण्याहून हायड्रेंजियाची रोपं आणली होती. त्यांच्या वारलेल्या आईच्या बागेतली. चेंडूएवढे गुलाबी गुच्छ यायचे म्हणे. आत्यानं ती लावली, जपली.

दुसऱ्या पावसाळ्यात फुलली.

निळी.

बाई हादरल्याच. त्यांनी ठरवूनच टाकलं की हिनं आईची झाडं कुणाला तरी दिली आणि त्या जागी भलतीच लावली. सगळ्या गड्यांसमोर तिला चोर म्हणाल्या. झाडं उपटून कुंपणाबाहेर टाकायला लावली. तिच्याच हातानं.

आत्या फांद्या पदरात घेऊन घरी आली. मला वाटलं, आता आबा बंगल्यावर जाऊन भांडणार.

आबा म्हणाले, "खरं सांग चंद्रे. कुणाला दिलीस?"

आत्यानं पदरातल्या फांद्या खाली ठेवल्या. एवढा पांढरा पडलेला चेहरा मी त्याआधी बघितला नव्हता.

त्यानंतर दोन वर्षं ती आबांशी बोलली नाही. एकाच घरात. जेवण वाढलंय हेसुद्धा मलाच सांगायला लावायची.

फांद्या तिनं जुन्या डब्यांत जगवल्या. आबा म्हणाले, ही झाडं दारात नकोत, लोक बोलतात.

उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की मधल्या टेकडीवर पायी जाता यायचं. धरणात बुडालेल्या आमच्या जुन्या गावाचं देऊळ त्या टेकडीवर होतं. चुन्यात बांधलेल्या भिंती ढासळलेल्या. आत्यानं सगळी झाडं तिथं नेली. काही उतारावर तांबड्या मातीत लावली, काही भिंतीलगत. रोज घागरीनं पाणी घातलं. मग पावसाळा आला, पाणी चढलं आणि टेकडीचं बेट झालं.

त्याच्या पुढच्या वर्षी, श्रावणात, बंगल्याच्या व्हरांड्यातून बाईंच्या नवऱ्याला, साहेबांना, दुर्बिणीत बेटावर रंग दिसले. बाईंना जवळून बघायचं होतं. होडी आबांचीच.

आत्याला कुणी बोलावलं नव्हतं. ती माझा हात धरून होडीत येऊन बसली. आबांनी होडी पाण्यात लोटली.

बेटावर उतरलो आणि मी तोंड उघडं टाकून उभी राहिले.

सगळा उतार निळा.
देवळाच्या भिंतीलगत सगळं गुलाबी.
आणि भिंतीच्या कोपऱ्यावर एक झुडूप, अर्धं निळं, अर्धं गुलाबी.

बाईंनी त्याच्या फांद्या बाजूला करून बुंध्यापर्यंत बघितलं. खोड एकच होतं. त्या तिथंच ओल्या मातीत बसल्या, चांगल्या साडीनिशी.

"म्हणजे ती माझीच होती?"

"तुमचीच हुती, बाई," आत्या म्हणाली. "हितल्या मातीत निळी येत्यात. चुन्यापाशी गुलाबी. मलाबी हितंच कळलं."

बाईंनी हात जोडले. कामावर परत ये म्हणाल्या. आत्यानं सांगितलं, काम नको, पण ज्यांच्यासमोर चोर म्हणालात त्यांच्यासमोर खरं काय ते सांगा. दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्या गड्यांना बोलावून तसं सांगितलं. हेही लिहायला हवं.

बाईंना काठावर सोडल्यावर होडीत आम्ही तिघंच उरलो. आबांनी वल्ही थांबवली.

"माजं चुकलं, चंद्रे."

आत्या पाण्याकडं बघत होती. "बाई परक्या हुत्या, दादा. तू का इचारलंस?"

आबा रडायला लागले. आपला बाप रडू शकतो हे मला माहीतच नव्हतं. मी घाबरून आत्याला चिकटले.

पुढं बरेच पावसाळे पुण्याहून लोक मुद्दाम ते बेट बघायला यायचे. आबा होडी न्यायचे, आत्या झाडं दाखवायची. दोघं हळूहळू बोलायला लागले. आधी लोकांपुरतं, मग घरातही.

नंतर एका कोरड्या वर्षी झाडं वाळून गेली. परत आलीच नाहीत.

आबांची नजर शेवटी पार गेली होती. आत्या रोज सकाळी त्यांना हाताला धरून तलावावर न्यायची. आबा विचारायचे, फुललंय का गं?

ती म्हणायची, "व्हय दादा. लई फुललंय."

मी शेजारी उभी असायचे. समोर बेटावर नुसतं गवत.

दुपारी मालेला अंत्यविधी आहे. गाडीत बसून लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

आत्या, येतेय मी. तुला माझा शेवटचा नमस्कार.