हळदीतला लाल

आमच्या अणदूरला खंडोबाच्या कृपेनं भंडाऱ्याला तोटा नाही. तरी गेल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत वडिलांनी देवळातसुद्धा कपाळाला भंडारा लावून घ्यायचं सोडलं. धाकट्या काकांच्या पॅनलनं पिवळा रंग घेतला होता, एवढंच कारण. वडिलांच्या पॅनलचा कुंकवाचा लाल. लाल म्हणजे पराक्रम, लाल म्हणजे राज्य, असं ते चौकात सांगत. ते कुंकू आई घरीच करायची. हळकुंडं लिंबाच्या रसात आणि टाकणखारात मुरवायची, वाळवायची, कुटायची. म्हणजे वडिलांचं राज्य मुळात हळदीचंच होतं. पण प्रचाराच्या धामधुमीत हे कोण ऐकून घेतो?

भाऊ भाऊ बोलेनासे झाले. मला घोर वेगळाच. माझं लग्न तोंडावर आलेलं, आणि मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवणाऱ्या काकांच्या हातची हळद लागावी, एवढीच माझी हौस. वडील म्हणाले, "त्या पिवळ्याला मांडवात पाय ठिवू देणार न्हाय." पिवळ्याशिवाय हळद कशी लावायची, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

काका निवडून आले. मिरवणुकीत त्यांचा पांढरा सदरा भंडाऱ्यानं माखला. काकूंनी तो धुण्याच्या सोड्यात भिजवला, तर डाग लालभडक. घाईत नीट न खळबळताच त्यांनी तो दोरीवर टाकला. भिंतीपलीकडून वडिलांनी पाहिला आणि त्यांची समजूत झाली, जिंकलेला भाऊ आपल्या रंगात आला. हळदीला सोडा लागला की लाल चढतो, हे आईला पक्कं ठाऊक. ती गप्प राहिली, मीही राहिले. वडिलांनी निरोप धाडला, "हळदीला त्योच सदरा घालून ये म्हणावं."

काकांनी खुलासा केला नाही. तोच सदरा घालून आले. मांडवात उकाडा मरणाचा. घामानं सोडा उतरत गेला, तसे त्यांच्या पाठीवरचे लाल डाग एकेक करून पुन्हा पिवळे पडू लागले. माणसं एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली.

वडील उठले. काकांच्या पाठीमागं येऊन उभे राहिले. मग माझ्या पुढ्यातल्या हळदीत दोन्ही हात बुडवून त्यांनी काकांची पाठ सगळी माखून टाकली. कुठला डाग कधीचा, काही कळेना.

"दादा, सदरा गेला की माझा," काका म्हणाले.

"जाऊ दे. आधी पोरीला हळद लाव."