दुःखाला फोन करून जात नाहीत

नांदेडची थंडी खरी म्हणाल तर दोन आठवड्यांची, पण तिची कामं महिनाभर पुरतात. गोधड्या गच्चीवर उन्हात टाकायच्या, तीळ आणून निवडायचे, नवऱ्याचा स्वेटर शोधायचा, जो दर वर्षी हरवतो आणि दर वर्षी त्याच पेटीत सापडतो. यंदा त्यात गीझर बिघडला. दुरुस्त करणारा फोनवर ‘निघालोच ताई’ म्हणायचा आणि तीन दिवस निघतच होता. भरीस भर म्हणून हैदराबादच्या लेकीनं मला मनगटावरचं नवं घड्याळ पाठवलं होतं. ते पावलं मोजतं, छातीचे ठोके मोजतं आणि जरा टेकलं की ‘उठा’ म्हणतं. सासूबाई गेल्यानंतर या घरात मला असं कोणी बोललेलं नव्हतं.

या सगळ्या कामांत एक काम मी आवडीनं करायचे. लातूरच्या मैत्रिणीला फोन लावायचा आणि विचारायचं, येळवस कोणत्या वारी आली.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. ऐन थंडीत येणाऱ्या त्या अमावस्येला लातूर ओस पडतं. दुकानं बंद, रस्ते मोकळे, झाडून सगळं गाव शेतात. ज्याला शेत नाही तो शेत असलेल्याकडे जातो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करून तिच्यात पूजा मांडतात, आंबील पिकावर शिंपडत ‘ओलगे, ओलगे’ म्हणून शेताला फेरी मारतात आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, खीर असं जेवतात की संध्याकाळी घरी परतणं जड जातं. भज्जी म्हणजे पुण्या-मुंबईची तळलेली भजी नव्हे. तूर, वाटाणा, हरभरा यांचे ओले सोले आणि मिळेल ती भाजी बेसनात शिजवलेली. नांदेड शहरात या सणाचं फारसं कोणाला काही नाही, म्हणून मी इथल्यांना दर वर्षी समजावून सांगते आणि ते दर वर्षी विसरतात.

आम्हाला शेत नव्हतं. वडील एसटीत कारकून होते. मैत्रीण आमच्याच गल्लीतली, चौथीपासून एका बाकावरची. तिचं लग्न लातुरातच झालं, अडत दुकान आणि मुरुडच्या रस्त्याला शेत असलेल्या मोठ्या घरात. लग्नानंतरच्या पहिल्या येळवसला ती इतकी घाबरली होती, की तू आलीस तरच मी शेतात जाईन असं तिनं मला चिठ्ठी लिहून कळवलं. वीस माणसांचा स्वयंपाक आणि सगळ्या सासवा. मी गेले. आदल्या दिवशीच गेले, तिच्या शेजारी बसून पहाटेपर्यंत सोले सोलले, भाकरी थापल्या. तेव्हापासून बत्तीस वर्षं मी आदल्या दिवशी जाते. यात एक भेद आहे, तो लातूरकराला सांगावा लागत नाही. येळवसला पाहुणे दुपारी थेट शेतात येतात. घरची माणसं आदल्या दिवशी घरी येतात.

यंदा मी फोन केला तेव्हा ती नेहमीसारखी बोलली नाही. मी आपली गुरुवारच्या कोणत्या गाडीनं येऊ ते विचारत होते, नवीन घड्याळाचं कौतुक सांगत होते. तिनं मला मधेच तोडलं.

“यंदा आमची येळवस न्हाई गं. आप्पा गेले.”

आप्पा म्हणजे तिचे चुलत सासरे. बायको लवकर वारलेली, मूल नाही, तिच्याच घरी राहायचे. पंच्याऐंशीच्या घरातले, कानांनी जवळजवळ बहिरे. मला आंबील शिंपायला त्यांनी शिकवलं. पळसाचं पान कसं धरायचं, आवाज पोटातून कसा काढायचा, सगळं. मी स्वयंपाकघरात फोन धरून रडले. कधी गेले म्हणून विचारलं तर काल म्हणाली. मग म्हणाली, एवढ्या थंडीत तू येऊ नको, लांबचा रस्ता हाय. मला तिची आणखीच माया आली. घरात माणूस गेलंय आणि ही माझ्या थंडीची काळजी करून राहिली, असं मी नवऱ्याला सांगितलंसुद्धा.

नवरा म्हणाला, मेसेज टाक. तो तरी काय करणार, आता सगळे तेच करतात. आमच्या इमारतीच्या ग्रुपवर कोणी गेल्याचं कळलं की पणतीचा एक फोटो पडतो आणि त्याखाली पाच मिनिटांत चाळीस जोडलेले हात. एकदा तर त्या हातांच्या मधोमध कुणीतरी शुभ सकाळचा गुलाब टाकला होता. मला याचा मनापासून राग येतो. दुःखाला जायचं ते पायांनी जायचं, आणि फोन न करता जायचं. आपण येतोय म्हणून कळवलं की ती माणसं डोळे पुसून सतरंजी घालतात, चहाचं बघतात. दुःखातल्या माणसाला यजमान करायचं नाही, ही माझ्या आईची शिकवण. माझं माहेर आता लातुरात उरलेलं नाही, भाऊ पुण्याला गेला, त्यामुळे विचारायला दुसरं कोणी नव्हतं आणि विचारायचं काही होतं असंही मला वाटलं नाही.

वार बघून मी बुधवारी निघाले. पहाटे उठून पिठलं केलं, ज्वारीच्या सहा भाकरी थापल्या आणि पांढऱ्या फडक्यात बांधल्या. माणूस गेलेल्या घरी जवळची माणसं असं अन्न नेतात. त्याला कडू घास म्हणतात, त्यात कडू काही नसतं. ओळखीचे लोक हा घास नेत नाहीत. नात्यातले नेतात, नाहीतर नात्यासारखे. मी तो बांधताना एकदाही विचार केला नाही की हे मी का नेतेय.

सकाळच्या एसटीत काचा बंद होत नव्हत्या. विष्णुपुरी धुक्यात गेली, लोह्याला जरा उजाडलं, अहमदपूरला चहा घेतला. मांडीवरचं फडकं तोवर कोमट होतं. लातुरात उतरून रिक्षा केली आणि गंजगोलाईच्या पुढे, तिच्या गल्लीच्या तोंडाशीच सोडली. दुःखाच्या दारात रिक्षानं जाऊन उतरू नये असं मला वाटलं. डोक्यावर पदर घेतला. गल्ली चालताना आप्पांचा आवाज आठवला आणि रडू आवरेना, तेही मी आवरलं नाही. आमच्याकडे बाया दाराशी रडतच जातात.

दारासमोरच्या ओट्यावर, उन्हात, आप्पा बसले होते.

कानटोपी घातलेली, पुढ्यात सूप, सुपात वाटाण्याच्या शेंगा. एक शेंग फोडून त्यांनी दाणे वाटीत टाकले आणि मान वर केली. मनगटावरचं घड्याळ थरथरलं आणि मी व्यायाम करतेय का असं विचारू लागलं.

“आलीस का,” आप्पा बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले. “म्हणलं यंदा हिचा पत्त्या न्हाई. बस. रडून का राहिलीस?”

वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं, असं मी खुणेनं सांगितलं. मी ओट्यावर बसले. आधी वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी चुकलं असेल, दुसरंच कोणी गेलं असेल. पण घराला दुःखाचा वास नव्हता. आत मिक्सर चालू होता, बेसन भाजल्याचा खमंग वास दारापर्यंत येत होता, ओसरीत आंबिलाचे दोन माठ धुऊन पालथे घातलेले. आप्पा सोलता सोलता सगळं सांगत गेले. नातीचं, म्हणजे मैत्रिणीच्या लेकीचं, लग्न ठरलं. उदगीरकडचं घर, मोठं घर. नवे सोयरे यंदा येळवसला शेतात येणार, पंचवीस माणसं. मंडप घालणार, फोटोवाला येणार. तुला सांगितलंच असेल की हिनं, म्हणाले.

मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते?

मग त्यांचं लक्ष फडक्याकडे गेलं. काय आणलंस म्हणून त्यांनी स्वतःच गाठ सोडली. मला हात धरता आला नाही. पिठलं बघून त्यांना आनंद झाला. बायांना त्या पंचवीस माणसांच्या नादात सकाळपासून घरच्या माणसाला जेवू घालायचं सुचलं नव्हतं. त्यांनी भाकरी मोडली आणि चवीनं जेवू लागले. पिठलं लई ब्येस झालंय, म्हणाले. आपल्याच मरणाचा घास तो माणूस माझ्यासमोर मिटक्या मारत खात होता आणि मी त्याला पाण्याचा तांब्या शोधत होते.

तांब्या घेऊन मैत्रीणच बाहेर आली. मला पाहिलं, मग आप्पांच्या पुढ्यातलं पांढरं फडकं पाहिलं. ते कसलं फडकं आहे हे तिला सांगावं लागलं नाही. तिच्याही आईनं तेच शिकवलेलं. तांब्यातलं पाणी तिच्या पायांवर सांडलं.

“फोन करून यायचं की,” ती म्हणाली.

इतक्या वर्षांत मला कोणी इतकं लागेल असं बोललेलं नाही. मी म्हणाले, “दुःखाला कोण फोन करून येतं?”

तिनं मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. सून कुठेतरी बाहेर गेली होती. मैत्रिणीनं मिक्सर बंद केला आणि ती घाईघाईनं बोलायला लागली. तिला वाटलं होतं, मी मेसेज टाकेन. सगळे टाकतात. मी पिठलं बांधून नांदेडहून उठून येईन हे तिच्या डोक्यातच आलं नाही. मी ऐकत होते आणि माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती, की ही मला चौथीपासून ओळखते आणि हिला हे कळलं नाही.

मग खरं कारण निघालं. सोयरे प्रत्येकाचं नातं विचारून राहिलेत, म्हणाली. ही कोण, ती कोण, कुठल्या घरची.

“त्यांच्यात लई बघतात गं. वाढणारं कोण, कोणाच्या हातचं हाय. तुला पाहुणी म्हणून बसवावं तर तू बसायची न्हाईस. तू आल्या आल्या भाकरी थापायला लागशील.”

माझे हात पदराखाली होते. मी ते तिथेच ठेवले. बत्तीस वर्षं या घराच्या परातीत हे हात पीठ मळत होते. तिच्या दोन्ही बाळंतपणांत महिना महिना यांनीच स्वयंपाक केला होता. तेव्हा जात कोणाला आठवली नाही. तिच्या सासूनंसुद्धा कधी विचारलं नाही, आणि त्या काही साध्या बाई नव्हत्या.

मी रागीट आहे, हे मला माहीत आहे. तिनं ‘यंदा येऊ नकोस, नवे सोयरे असे असे आहेत’ म्हटलं असतं, तर मी फोनवरच भांडले असते, आठवडाभर नवऱ्याचं डोकं खाल्लं असतं आणि पुढच्या येळवसला आदल्या दिवशी येऊन बसले असते. सोयरिकीत काय काय गिळावं लागतं ते मलाही कळतं, मीही लेक दिलेली आहे. पण मला ते एक वाक्य सांगण्यापेक्षा घरातला जिवंत माणूस मारणं तिला सोपं वाटलं. मी त्या माणसासाठी चार दिवस खरी रडले होते. हे मी तिला म्हणाले, अगदी हळू म्हणाले. ती पदरानं डोळे पुसत म्हणाली की माझी चूक झाली, आणि लगेच विचारलं, चहा टाकू का? मी नको म्हणाले. पाणीही घेतलं नाही.

तिनं मला थांबवण्यासाठी हात धरला नाही. संध्याकाळी विहीणबाई बस्त्याचं ठरवायला यायच्या होत्या, हे तिच्या तोंडून निसटलं. ती सारखी दाराकडे का बघत होती ते मला तेव्हा कळलं.

बाहेर आप्पांनी दोन भाकरी संपवल्या होत्या. फडकं झटकून, त्यात ओंजळभर वाटाण्याचे दाणे घालून, त्यांनी गाठ मारली आणि माझ्या हातात दिलं. मी वाकून त्यांच्या पाया पडले. शुक्रवारी आंबील शिंपायला तूच, ह्या पोरींचा आवाज निघत न्हाई, असं काहीतरी ते म्हणाले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि चपला घातल्या.

आपल्यात कोणाच्याही घरून निघताना ‘येते’ म्हणतात. जाते म्हणत नाहीत, कधीच. फक्त माणूस गेलेल्या घरातून उठताना ‘येते’ म्हणायचं नसतं. काही न बोलता, मागे न बघता निघायचं असतं. मैत्रीण उंबऱ्यात उभी होती. ती माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हती, तोंडाकडे बघत होती. मी काही बोलले नाही. पायरी उतरले आणि गल्लीला लागले.

कोपऱ्यापर्यंत पोचले नव्हते तोच मागून आप्पांचा मोठा आवाज आला. ते तिला विचारत होते.

“ती येते म्हणली न्हाई. काय गं, आपल्यात कोण गेलं?”

तिनं काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही.