चौलच्या वळणावरच्या खुंट्या

चौलच्या वळणावर खुंट्या पुन्हा सरकल्या होत्या. किनाऱ्याने जाणारा आमचा स्टेट हायवे रुंद करायचा होता. रस्त्याच्या मधोमध जी रेघ धरतात ती सेंटर लाइन. तिच्यावर या खुंट्या ठोकलेल्या. तिची खूण जवळच्या मोरीच्या कठड्यावरही रंगवलेली असते, त्यामुळे खुंटी हलली की चोरी लपत नाही.

माझा संशय जनूशेठवर. रस्त्याच्या एका अंगाला त्याची सुपारीची वाडी, समोर सख्खा भाऊ हिराजी. दोघांची अलिबागच्या कोर्टात केस, बोलणं बंद. आमची जीप दिसली की जनूशेठ शहाळी घेऊन हजर. सर्व्हेवाल्याला कोणी उगाच शहाळं पाजत नाही. रेघ भावाच्या अंगावर ढकलतोय, दुसरं काय!

मागच्या खेपेला स्टाफने खुंट्या परस्पर जागेवर ठोकल्या होत्या. या वेळी मी स्वतः टेप लावली आणि चक्रावलो. खुंट्या जनूशेठच्याच वाडीकडे सरकल्या होत्या. म्हणजे जास्त जमीन देऊन जास्त मोबदला लाटायचा बेत. माझं डोकं आणखीच तापलं.

"जनूशेठ, खुंट्या कोण हलवतं?"

"मना काय म्हाईत? गुरं फिरतात, साहेब."

"गुरं त्या परत ओळीत ठोकतात?"

मी तावातावाने मूळ रेघ धरून चालत गेलो. ती थेट हिराजीच्या विहिरीवरून जात होती. काठावर जनूशेठची बायको हंडा भरत होती.

"बाकीच्या इहिरी मचूल झाल्या," मागून जनूशेठ म्हणाला. "गोड पानी हितंच हाय. ही बुजवली तं दोगांच्या वाड्या मेल्या."

"मग लेखी हरकत घ्यायची!"

"इहीर त्याचे ताब्यान. हरकतीवर त्याची सही लागंल. रेघ इहिरीवर येते ह्ये त्याला ठाव न्हाय, आनि मी त्याच्याशी बोलत न्हाय."

मग म्हणाला, "रेवदंड्याच्या बंदरावर जानाऱ्या आजाच्या बैलगाड्या हितंच पान्याला थांबून इहिरीला वळसा घालून जायच्या. म्हनून तं रस्ता वाकडा."

त्याच वाकड्या चाकोरीवर पुढे खडी आणि डांबर पडलं होतं. आमच्या कन्सल्टंटने मुंबईत बसून, कॉम्प्युटरवर ते वळण सरळ केलं होतं. मला मनापासून लाज वाटली.

रेघ वळवायचा प्रस्ताव घेऊन मी आमच्या वरच्या साहेबांकडे गेलो.

"जनूशेठने तुम्हाला काय दिलं?" त्यांनी विचारलं.

"सर, उलट त्याचीच वाडी जास्त जातेय."

"तेच तर मला खटकतंय."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. साहेबांना चौलला आणलं. आधी शेजारच्या विहिरीचं पाणी दिलं. ते त्यांनी थुंकलं. मग हिराजीच्या विहिरीचं दिलं. ते प्यायले, आणि पुन्हा मागितलं.

वळण राहिलं, विहीर वाचली. पंचनाम्यावर दोघा भावांनी सह्या केल्या, पण एक गेल्यावर दुसरा आला. केस अजून चालू आहे. रुंद रस्त्यामुळे दोघेही कोर्टात वेळेवर पोचतात.

मी एवढंच शिकलो, की आधी टेप लावावी, मग संशय घ्यावा. शहाळं मात्र मी साइटवर अजूनही घेत नाही.