कडूबाच्या नाटुकल्यातली गाय

हसनाबादचा कडूबा हैदराबादला रेडिओवर मराठी नाटुकली लिहायचा आणि त्यातला म्हातारा रामकिसनमामा स्वतःच वठवायचा. मी समोर बसून दारं, पाऊस, गुरांच्या घंटा वाजवायचो. लेखक म्हणून तो पक्का चोर होता. धावड्याला दिलेल्या थोरल्या बहिणीचं, गोजरबाईचं अख्खं घर त्यानं नाटुकल्यांत आणलं होतं. तिची चंद्री गाय, तिच्या नवऱ्याचं, भुजंगचं घोरणंसुद्धा! ती जालन्याला आली की मस्तगडात हीरालालच्या दुकानात रेडिओपुढे बसायची आणि तोंडाला पदर लावून हसायची.

अठ्ठेचाळीस साली रझाकारांच्या भीतीनं अर्धं धावडा निजामाची सरहद्द ओलांडून बुलढाण्याकडे गेलं. गोजरबाई आणि भुजंगही गेले. पळापळीत चंद्री हरवली, असं तिनं कुणाकडून तरी पत्र लिहवून कडूबाला कळवलं होतं.

मृगाच्या तोंडावर आमच्याकडे वरून निजाम सरकारचा कागद आला. सगळं शांत आहे, गावी परत या, असं रेडिओवर सांगायचं होतं. शांत काहीच नव्हतं, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. पण नोकरी टिकवायची होती.

कागद तसाच वाचला असता तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण कडूबाला रद्दी भाषा सोसवायची नाही. त्यानं रामकिसनमामाच्या तोंडी घातलं, "अगं, चंद्री घरी आली बरं का! दावणीला हंबरून राह्यली. या जल्दी, पेरायचं न्हाई का?" मी घंटा वाजवली. मेली झकास वाजली.

आठ दिवसांत भुजंग धावड्याला परतला आणि शेताच्या बांधावरच मारला गेला.

भारताच्या फौजा आल्यानंतर, दसऱ्याच्या आसपास, कडूबा मला घेऊन बहिणीकडे गेला. एकट्यानं जायची त्याची छाती नव्हती. वाटभर तो कबुली पाठ करत होता. गोजरबाईनं आम्हाला पाणी दिलं. मागं गोठा रिकामाच होता.

"तिकडं रेडिओ ऐकून सगळे म्हनले, ही सरकारी थाप हाय," ती म्हणाली. "मी म्हनलं, चंद्रीचं नाव घेतलंय, माझा भाऊ मला खोटं सांगनार न्हाई. मीच त्यांना धाडलं रे कडू. माझा जीव खाऊन राह्यलं बघ ते. कुनी पाह्यल्ती का रे चंद्री?"

कडूबानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो अक्का. हसनाबादच्या एका माणसानं पाह्यल्ती."

"मंग बराबर," ती म्हणाली आणि किती दिवसांनी रडली.

मी शेजारीच बसलो होतो. मीही मान हलवली.