भौतिकशास्त्राची पोरं रसायनशास्त्राच्या दारात

ती दुपार आठवली की मला आजही पेंग येते. लातूरचं ऊन असं की आमच्या पोलीस ठाण्यासमोरचा कडुनिंब स्वतःच्याच सावलीत येऊन बसला होता. खोटं वाटत असेल तर झाडाचा जबाब घ्या.

त्या गुंगीत भौतिकशास्त्राचे एक ट्यूशनवाले सर तक्रार अर्ज घेऊन आले. नाव एवढं मोठं की ते शिंकले तरी पोरं वहीत उतरवून घेत. म्हणाले, "साहेब, माझी पोरं पळवून राहिलेत." मी अपहरण समजून टोपी घातली. मग उलगडलं, की जुने विद्यार्थी मोबाइलवर सरांच्या क्लासच्या वेबसाइटचा पत्ता टाकतात आणि उघडतो रसायनशास्त्राच्या सरांचा क्लास. दोघांनी पूर्वी एकत्र क्लास चालवला होता, पुढे बिनसलं. सरांचा संशय वेबसाइट सांभाळणाऱ्या बाईंवर. त्या समोरच्याला फितूर झाल्या म्हणे.

बाई अहमदपूरच्या. नुकतीच सरकारी नोकरीत निवड झालेली, चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर. गुन्हा दाखल झाला की नोकरी गेली.

चौकशीत त्यांनी सरळ कबूल केलं. क्लास एकत्र झाले तेव्हा सरांच्या पत्त्यावर येणाऱ्याला रसायनच्या साइटवर वळवायची सोय सर्व्हरवर त्यांनीच केली होती. बिनसल्यावर काढलीही होती. मी दरडावलं. माझ्या दरडावण्यानं उदगीरपर्यंत मांडणीवरची भांडी पडत, पण बाई हलल्या नाहीत.

मी माझ्या नव्या मोबाइलवर पत्ता टाकला. भौतिकशास्त्र उघडलं. आमच्या हवालदार बाईंची मुलगी जुन्या एकत्र क्लासातली, आईचाच मोबाइल वापरणारी; त्या मोबाइलवर रसायनशास्त्र. एकच टेबल, एकच पत्ता, दोन दारं. क्षणभर वाटलं, आपण अजून झोपेतच आहोत.

"साहेब, वळण दोन तऱ्हेचं असतंय," वेबसाइटवाल्या बाई म्हणाल्या. "तात्पुरतं लावलं तर मोबाइल दरवेळी सर्व्हरला विचारतो. कायमचं लावलं की मनात धरून बसतो, पुन्हा विचारायलाच येत न्हाई. सर्व्हरवरून मी काढलं, त्याच्या मनातून कसं काढू?"

"मग कायमचं लावलंच कशाला?"

त्यांनी शेजारी बसलेल्या सरांकडं पाहिलं. "मी तात्पुरतंच लावत होते. सर म्हणले, आमचं दोघांचं आता कायमचं हाय."

 बाहेर ऊन पाण्यासारखं हलत होतं.

गावभरच्या मोबाइलांचं मन धुणं अशक्य. उपाय एकच होता, रसायनच्या सरांनी आपल्याकडं आलेल्या पोरांना भौतिकच्या सरांच्या नव्या पत्त्यावर पुढं धाडायचं; जुना पत्ता मोबाइलनं पुन्हा रसायनकडंच वळवला असता. भौतिकचे सर म्हणाले, त्याच्याकडं मी मागणार न्हाई. म्हणून फोन मी लावला. सगळं सांगितलं.

"रोज येतात त्याची पोरं माझ्याकडं," पलीकडून आवाज आला. "हा कधी इचारतोय, तेच बघून राहिलो होतो."

दिवस कलताना हवालदार बाईंचा मोबाइल रसायनच्या दारातून तरंगत भौतिकच्या अंगणात उतरला. सरांनी अर्ज मागं घेतला. मी पडताळणीच्या कागदावर सही केली. बाईंनी तो दोन्ही हातांनी धरून एकदा नीट वाचला.

तेव्हापासून फसवणुकीची तक्रार आली की मी आरोपीच्या आधी फिर्यादीलाच विचारत आलो, त्याला काय करायला तुम्ही सांगितलं होतं? निम्मे फिर्यादी तिथंच पाणी मागतात.