बँडची खोली

ग्लेनिस सग्डन यांनी आमच्या गावातल्या निम्म्या माणसांना शाळेत जेवण वाढलं आहे. माझ्या ताटात कस्टर्डचा एक डाव नेहमी जास्त पडायचा. "हाडं दिसतायत तुझी, कीथ," असं म्हणून त्या रांगेतल्या बाकीच्यांकडे अशा बघायच्या की कुणाची हूं की चूं करायची टाप नसे. पुढे शाळेचं स्वयंपाकघर बंद झालं, नवरा गेला, गुडघे गेले. राहिलं ते नगरपालिकेचं, झोपायच्या दोन खोल्या असलेलं भाड्याचं घर, आणि आमचा ब्रास बँड.

बँडमध्ये त्या वाजवत काहीच नसत. आमचे सव्वीस लाल डगले मात्र वीस वर्षं त्यांच्या दुसऱ्या खोलीत टांगलेले होते. बटणं लावणं, उसवलेलं शिवणं, मे महिन्यातल्या मिरवणुकीआधी इस्त्री करणं, सगळं त्याच करत. मी कॉर्नेट वाजवतो. दर जानेवारीत माप द्यायला गेलो की विचारायच्या, "पोट सुटलंय की डगला आटलाय? खरं सांग."

आमच्या डोंगरात भिंतींना बारमाही ओल. लोकरीला कुबट वास लागू नये म्हणून त्या खोलीत हिटर रात्रंदिवस चालू असे. स्वयंपाकघरात बाई मात्र कोट आणि मफलर घालून चहा करत. डगले उबेत आणि बाई गारठ्यात. हे मी पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

मग तो नियम आला. ज्याच्या घरात झोपायची एखादी खोली जादा, त्याला भाड्यासाठी मिळणारी सरकारी मदत कापायची. बँडच्या खोलीत कुणी झोपत नव्हतं, म्हणून ती जादा ठरली. अशा अडलेल्या भाडेकरूंसाठी नगरपालिकेकडे थोडी वेगळी मदत होती. तिचे अर्ज भरून घ्यायला खिडकीवर मीच बसत असे.

बाई रविवारचा कोट घालून आल्या. मी एकेक खर्च विचारत गेलो. जेवण? "भागतं." घर गरम ठेवायला? "दोन स्वेटर घालते की." आमच्याकडची माणसं दुखणी चवीनं सांगतील, पण चणचण सांगणार नाहीत, झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हा मी विचारायला हवं होतं, 'आणि तो हिटर?' मागे रांग होती, हे खरं. पण त्याहून खरं हे की, बँडवालीला मदत केली असं साहेब म्हणतील, याची मला भीती वाटली. त्यांनी सांगितलं ते मी तसंच लिहिलं. शेवटी आठवड्याला चार पौंड शिल्लक निघाले. शिल्लक असणाऱ्याला मदत नाही. नकाराच्या पत्रावर सही माझी होती.

महिन्याच्या आत पुन्हा दाद मागता येत होती. दर गुरुवारी बँडच्या तालमीला बाई सुई-दोरा घेऊन बसलेल्या असत, आणि दर गुरुवारी मी ठरवायचो, आज सांगू. पण सांगायचं तर हिटरचं त्या दिवशीच मला ठाऊक होतं, हेही सांगावं लागलं असतं. एकदा त्या म्हणाल्या, "माझ्याहून नडलेली माणसं असतील. त्यांना मिळू दे." आणि मी निर्लज्जासारखी मान हलवली. महिना सरला.

बारा मैलांवर त्यांना एका खोलीची जागा मिळाली. दोन बस बदलाव्या लागतात, म्हणजे तालीम संपलीच. डगले कुठे ठेवायचे, असा प्रश्न निघाला तेव्हा त्याच म्हणाल्या, "कीथकडे ठेवा. त्याच्याकडे खोली रिकामी आहे."

खरंच होतं. माझं घर माझ्या मालकीचं, त्याला तो नियम लागू नाही. माझ्या जादा खोलीत व्यायामाची सायकल धूळ खात पडली होती. बाईंच्या आवाजात टोमणा शोधून पाहिला, सापडला नाही. असता तर बरं वाटलं असतं.

डगले त्यांनी स्वतः येऊन टांगले. निघताना भिंतीवर तळहात ठेवून म्हणाल्या, "हिटर बंद करू नकोस हां. रात्रीसुद्धा नाही."

माझ्याच्यानं राहवेना. "मिसेस सग्डन, हा खर्च तुम्ही अर्जात का नाही सांगितलात?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तो बँडचा खर्च रे. तू माझा विचारला होतास ना?"

पहिलं बिल आलं तेव्हा कळलं, त्या खोलीला आठवड्याला नऊ पौंड लागतात. म्हणजे बाईंकडे चार उरत नव्हते, पाच कमी पडत होते. कमी पडतंय हे मला आकडा येण्याआधीपासून ठाऊक होतं.